वृत्तपत्रसमूहातील सॉफ्टवेअरची नोकरी

प्रश्न : मी पुण्यातील एका आयटी सेवा कंपनीत बॅकएंडचे, म्हणजे वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या सर्व्हरकडच्या प्रणालीचे, काम करते. एका जुन्या, मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या डिजिटल विभागाने मला नोकरी देऊ केली आहे. ‘तिथे संपादकांचा शब्द चालतो, इंजिनिअरला शिकण्यासारखे काही नसते,’ असे सहकारी सांगतात. मी जावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शिकण्यासारखे काही नसते, हे मला मुळीच मान्य नाही. आज जगभर वापरले जाणारे जँगो हे फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळे उभारण्याचा तयार सांगाडा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक दैनिकाच्या वेब विभागात २००३ मध्ये आकाराला आले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. बातमीच्या वेळेत, प्रसंगी काही तासांत, नवी सुविधा उभी करण्याची तिथली निकड त्याच्या रचनेतच उतरली आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तर १८५१ पासूनचा प्रकाशित मजकूर काफ्का या माहिती साठवून पुढे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एकाच क्रमवार नोंदवहीत ठेवण्याची व्यवस्था केली, जेणेकरून शोधयंत्रणा असो वा ॲप, प्रत्येकाला तो मुळापासून पुन्हा वाचून घेता यावा. इतका जुना आणि रोज वाढणारा साठा नव्या कंपनीत हाताळायला मिळणार नाही.

मराठी वृत्तपत्रात तर याहून अवघड काम पडलेले असते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीचा मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत साठवलेला आहे. त्यात ‘किती’ शब्दातली पहिली वेलांटी क-च्या आधी नोंदलेली असते. युनिकोडमध्ये ती क-नंतर येते. जुन्या फाँटांत रफार अक्षरानंतर असतो, तो युनिकोडसाठी अक्षराच्या आधी न्यावा लागतो. जोडाक्षर आले की हे नियम आणखी गुंततात, आणि एक नियम चुकला की हजारो बातम्यांतली नावे शोधात सापडेनाशी होतात. मराठी वाचता येणाऱ्या इंजिनिअरनेच हे काम करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

संपादकांचा शब्द चालतो, हे मात्र खरे आहे, आणि वृत्तपत्रात तो चालायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तुमचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचते का. म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच आग्रहाने विचारा, की इंजिनिअर संपादकीय बैठकीला बसतात का, की त्यांच्याकडे फक्त तक्रारींची तिकिटे येतात. बातम्या चढवण्याची प्रणाली स्वतःची आहे की बाहेरच्या कंपनीची, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही विचारा. मतमोजणीच्या दिवशी वाचकांची गर्दी काही मिनिटांत कितीतरी पटींनी वाढते. त्या दिवशी रात्रपाळी कोणाची, आदल्या दिवशी नवा कोड चढवणे थांबवतात का आणि बदली सुट्टी मिळते का, हे स्पष्ट करून घ्या.

इंजिनिअर बैठकीला बसत असतील, तर थोडा कमी पगार पत्करूनही जा. नुसती तिकिटेच निस्तरायची असतील, तर सध्याची नोकरी सोडू नका. ते काम तुम्ही आजही करीतच असाल.