आई पुन्हा पडेल का, हे आधी कळतं का?

खुर्चीत बसता बसताच मुलगा म्हणाला, "मॅडम, आईला १४ सेकंद लागले. १२ च्या वर गेलं की धोका असतो म्हणे. ती पुन्हा पडणार का, हे नक्की कळायचा काही मार्ग आहे का?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणी ना कुणी येतच असतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आई ७६ वर्षांच्या. सहा महिन्यांपूर्वी पलंगापाशी पडल्या, मनगटाला मुका मार लागला. तेव्हापासून जिना बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद, बाथरूमच्या दाराबाहेरही कुणीतरी उभं. मुलाने घरीच मोबाइलवर वेळ लावून चाचणी घेतली होती. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं.

ही चाचणी १९९१ पासून वापरात आहे आणि कामाची आहे. पण आपल्या घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसांमधलं कोण पडेल, हे एकट्या तिच्या आकड्यावरून नीट ओळखता येत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर हेच दिसलं आहे. मी त्याला तसं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी काही हलली नाही.

मग आईंना आत बोलावलं. दारापासून खुर्चीपर्यंत पाच-सहा पावलं. त्या चालत असतानाच मी विचारलं, "काकू, यायला त्रास नाही ना झाला?" त्या थांबल्या. कपाटाच्या कडेवर हात टेकला, "नाही हो" म्हणाल्या आणि मगच पुढचं पाऊल उचललं.

स्वीडनमध्ये १९९७ साली नेमकं हेच पाहिलं गेलं होतं. देखभालीच्या निवासात राहणाऱ्या ५८ वृद्धांशी चालता चालता बोलणं काढलं. बोलण्यासाठी १२ जण थांबले. त्यांपैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. अभ्यास लहान, त्यामुळे त्यावरून कुणावर शिक्का मारू नये. पण माझं लक्ष तिथे गेलं खरं.

मुलाला बाहेर बसवलं. "वर्षभरात किती वेळा पडलात?"

"एकदाच."

"लागलं नसेल, नुसतं खाली टेकलात, असं कधी?"

चष्म्याची दांडी त्या उघडत-मिटत राहिल्या. "अजून दोनदा. बोलले नाही. बोलले असते तर उरलंसुरलंही बंद केलं असतं त्याने."

पुढच्या पडण्याची सगळ्यात ठळक खूण म्हणजे आधीचं पडणं. आणि नेमकी तीच गोष्ट घरातल्या मायेच्या धाकाने लपून राहिली होती. मुलगा वाईट नव्हता, रात्र रात्र जागा होता बिचारा. मला दोघांचंही वाईट वाटलं.

तिन्ही वेळा रात्रच होती. लघवीला उठायचं, सून जागी होईल म्हणून दिवा लावायचा नाही. यजमान गेल्यापासून झोपेची गोळी चालू, रक्तदाबाचीही. गोळ्यांना हात लावणं माझं काम नाही, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब मोजला. वरचा आकडा २८ ने उतरला होता. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत तो २० ने उतरला तरी दखल घ्यायची असते. गोळ्यांची मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी बदलली, झोपेची गोळी हळूहळू कमी करत आणली.

मुलाला मी १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासाचे आकडे दाखवले. घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. झोपेची औषधं, पायांतला अशक्तपणा, तोल, पावलांची दुखणी अशा कारणांपैकी एकही नसेल तर पडण्याचा धोका ८ टक्के, चार किंवा जास्त असतील तर ७८ टक्के. तो घाबरला. मी म्हटलं, "हा आकडा उलटा वाचा. एकेक कारण कमी करता येतं. आईचं चालणं बंद केलंत तर पायांतली ताकद जाईल, म्हणजे तुम्ही एक कारण वाढवताय."

त्याला हे पटायला तीन भेटी लागल्या. शेवटी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसला, पलंगापाशी रात्रीचा दिवा आला. फिजिओथेरपिस्टने तोल आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले. अशा व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळपास चौथाईने घटतं. शून्य होत नाही, हेही मी दोघांना समोर बसवून सांगितलं.

चार महिन्यांनी मुलाचा फोन आला. आई मैत्रिणीकडून परतताना उंबरठ्याला अडखळून पडल्या होत्या. गुडघा खरचटला, बाकी ठीक.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तिनेच सांगितलं. आल्या आल्या."