कपाशीचा खर्च क्विंटलमागे काढ भाऊ

भाऊ, पहिलंच वर्ष आहे तर एकरी किती क्विंटल पिकलं यावर जाऊ नको, एका क्विंटलला खर्च किती बसला ते वहीत लिही, घरच्या माणसांची मजुरी पण धर (ती कोणीच धरत नाही आणि मग म्हणतात कापूस परवडला). युरिया एकदम ओतू नको, हप्त्यानं दे. खरी गोम गुलाबी बोंडअळीत (बोंडात शिरून आतून खाणारी अळी) आहे, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारे) लाव, एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग पडले की फवारणी, शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं नाही, डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली मिटकी फुलं) दिसल्या की तोडून जाळ. बियाणं जमीन बघून घे. डिसेंबरनंतर फरदड (वेचणी झाल्यावर पाणी देऊन तीच कपाशी पुढं चालवणं) ठेवू नको.