वाचक विचारतात : शेवटचा आशीर्वाद नेमका कोणासाठी?

प्रश्न : उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात वर करून म्हणतात, 'प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांबरोबर असो.' लहानपणापासून ऐकतेय, पण तेवढ्यात अर्धी मंडळी पर्स आवरायला लागलेली असतात. याचा अर्थ काय? देवाच्या आधी येशूचं नाव का? आणि माझ्या बायबलात हे १४ वं वचन आहे, मैत्रिणीच्या इंग्लिश बायबलात १३ वं, असं कसं?
– एक वाचक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : ताई, हे वाक्य पौलाने (येशूचा संदेश गावोगावी नेणारा सुरुवातीचा प्रेषित) करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलातल्या दुसऱ्या पत्राचं अगदी शेवटचं वाक्य आहे, आणि ते कोणाला लिहिलंय हे बघितल्याशिवाय त्याची खोली कळत नाही असं मला मनापासून वाटतं. करिंथ म्हणजे ग्रीसमधलं दोन बंदरांचं गजबजलेलं व्यापारी शहर, पौल तिथे दीड वर्ष राहिला, तिथली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती समुदाय, त्यानेच उभी केली, आणि मग त्याच मंडळीत गट पडले, बाहेरून नवे उपदेशक आले आणि लोक म्हणायला लागले की याची पत्रं जबरदस्त पण समोर आला की काही दम नाही, बोलणं तर टाकाऊ (हे १० व्या अध्यायात आहे). इ. स. ५५-५६ च्या सुमारास ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातून तो हे पत्र लिहितो. शेवटचे चार अध्याय वाचा, नुसता संताप आणि दुखावलेपण, मी तिसऱ्यांदा येतोय, आता गय करणार नाही म्हणतो.

आणि त्याच शेवटच्या, १३ व्या अध्यायाच्या शेवटी हा आशीर्वाद! बाकीच्या पत्रांत तो बहुतेक 'प्रभूची कृपा तुमच्याबरोबर असो' एवढ्यावर थांबतो, कृपा, प्रीती, सहभागिता असं तिन्ही एकत्र फक्त इथे, आणि तेही 'सर्वांबरोबर'. म्हणजे नावं ठेवणारे, भांडणारे, सगळे आले त्यात. माझ्यासाठी या वचनाचा जीव त्या एका 'सर्वां'मध्ये आहे.

आता क्रमाचं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हा क्रम आपल्या डोक्यात पक्का आहे म्हणून हे उलटं वाटतं, पण पौल इथे लोकांना जसं अनुभवाला आलं तसं सांगतोय असं मला वाटतं. याच पत्राच्या ८ व्या अध्यायात तो म्हणतो, ख्रिस्त धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला, ही कृपा. त्या कृपेतून देवाची प्रीती कळली, आणि मग आत्म्याने त्यांना एकमेकांत बांधलं. हे बांधलं जाणं नुसतं भजनापुरतं नाही हं, ८ आणि ९ हे दोन्ही अध्याय यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्याबद्दलच आहेत, म्हणजे खिशात हात घालणं पण आलं.

कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, हेच शब्द सुरुवातीला अभिवादन म्हणून येतात, तेही किती योग्य आहे.

वचनांचे आकडे पौलाचे नाहीत, नव्या कराराला (बायबलचा दुसरा भाग) आज वापरतो ते आकडे १५५१ साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. काही आवृत्त्यांत आधीची दोन वचनं एकत्र मोजतात म्हणून एकाचा फरक पडतो, मजकूर तोच. येत्या रविवारी उपासनेला जायच्या आधी १० ते १३ अध्याय एका बैठकीत वाचून जा, अर्धा तास पुरतो.