लीन मॅन्युफॅक्चरिंग फोर्डचं की टोयोटाचं? आणि आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत ते टिकत का नाही?

टोयोटाचं. लीन म्हणजे वेळ, माल, मेहनत वाया न घालवता, स्टॉक कमीत कमी ठेवून उत्पादन करायची पद्धत. फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात गाड्या जोडायची सरकती लाइन चालवली, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण लीनचं मूळ मी कापडाच्या मागात धरतो. टोयोटा मोटर सुरू करणाऱ्या किइचिरो टोयोडांचे वडील साकिची, त्यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात सूत तुटलं की माग आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे जायचंच नाही. टोयोटात ही पद्धत बसवणारे ताइइची ओनोही आधी टोयोडांच्या कापड गिरणीतच होते, मोटारींकडे आले १९४३ मध्ये. लाइनवरच्या साध्या कामगारालाही लाइन थांबवायचा हक्क मिळाला, तो याच विचारातून. ‘लीन’ हे नाव मात्र १९८८ मध्ये जॉन क्राफसिक या संशोधकाने अमेरिकेत दिलं.

आता टिकत का नाही ते. मी भोसरीत एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून-कापून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होतो. कन्सल्टंट आले, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, कानबान कार्ड (लागेल तेवढाच माल मागवायची चिठ्ठी) छापली, लाइनवर अँडॉनची दोरी, म्हणजे गडबड दिसली की ओढून लाइन थांबवायची दोरी बांधली. एका सेकंड शिफ्टला पंच (पत्रा कापणारं हत्यार) झिजला आणि प्रत्येक पीसला बर, म्हणजे कडेला धारदार कोर यायला लागली. मी दोरी ओढली. प्रॉडक्शनचे साहेब धावत आले. ‘डिस्पॅचची गाडी उभी आहे, लाइन चालू कर. लाइन थांबवायचा पगार तुला मिळत नाही.’ माल गेला आणि अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला. पुढे कितीतरी दिवस पोरं हाताने बर घासत बसली होती. मेमो मात्र मला मिळाला, उत्पादन थांबवल्याबद्दल! पंच बदलायला अर्धा तासही लागला नसता.

त्याच साहेबांनी नंतर लीनच्या नावाखाली कंत्राटी पोरं कमी केली. मीटिंगमध्ये म्हणाले, टोयोटा हेच करते. साफ चूक. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती, मोठा संप झाला, दीड हजारांहून जास्त लोकांना जावं लागलं, आणि त्याची जबाबदारी घेऊन अध्यक्ष किइचिरो टोयोडांनी स्वतः राजीनामा दिला. त्यानंतर कंपनीने उरलेल्यांची नोकरी सांभाळायचं धोरण धरलं. आपण सुचवलेल्या सुधारणेने आपलीच नोकरी जाणार असेल तर कोण कशाला सुचवेल?

टोयोटा देवमाणूस आहे असं मात्र नाही. सप्लायरवरचा ताण खरा आहे. १९९७ मध्ये टोयोटाचा सप्लायर आयसिनच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेना आणि टोयोटाच्या तिथल्या जवळजवळ सगळ्या लाइन बंद पडल्या. स्टॉक कमी ठेवायची ही किंमत असते. आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपने कच्चा माल थोडा जास्त ठेवला तर मी नावं ठेवणार नाही. 

इंटर्नशिपला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते बघत बसू नका. शेवटची लाइन कोणी थांबवली आणि पुढे त्याचं काय झालं, हे ऑपरेटरला विचारा. चहाच्या सुट्टीत, साहेबांसमोर नाही.