वाचक विचारतात : काफ्का नेमका कुठल्या वादाचा?

प्रश्न : काफ्काचे ‘मेटामॉर्फोसिस’ कुणी अस्तित्ववादी म्हणते, कुणी अतिवास्तववादी. परात्मतेची, म्हणजे स्वतःपासून आणि माणसांपासून तुटल्याची, ही कथा वाचताना कोणता चष्मा लावावा?

उत्तर : आधी सनावळी पाहा. कथा 1912 साली लिहिली गेली, 1915 साली छापली गेली. फ्रेंच कवी ब्रेतॉंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा 1924चा, अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रची ‘नॉसिया’ ही कादंबरी 1938ची. म्हणजे दोन्ही शिक्के मागाहून बसले.

अतिवास्तववाद्यांना स्वयंचलित लेखनातून, विवेकाचा लगाम सोडून, स्वप्नासारख्या प्रतिमा हव्या होत्या. काफ्काची रीत उलटी आहे. अशक्य गोष्ट एकच, तीही पहिल्याच वाक्यात : कथानायक ग्रेगोर किडा झालेला आहे. पुढचे सगळे काटेकोर वास्तव. गजर चारचा लावलेला, साडेसहा वाजून गेलेले, पाचची गाडी चुकलेली. आणि त्याला धास्ती शरीराची नाही, नोकरीची! परात्मता इथे आहे. किड्याचे रूपक सोडवत बसणारे वाचक नेमके हेच गमावतात.

अस्तित्ववादी वाचन जास्त फळते, पण जपून. सार्त्रकडे निवड आणि जबाबदारी केंद्रस्थानी असते. ग्रेगोर फारसे निवडतच नाही. अपवाद दुसऱ्या भागात. आई आणि बहीण खोलीतले सामान हलवतात, तेव्हा तो भिंतीवरच्या चित्राला चिकटून बसतो. तो प्रसंग दोनदा वाचा. मग तिसऱ्या भागात घरच्यांचे बोलणे तपासा : बहीण त्याला भाऊ म्हणायचे कुठे थांबते, ती जागा शोधा.