अक्षर मोठे केले, तरी पान बदलत नाही

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. एका ज्येष्ठ सभासदांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवला आहे आणि फोनला डार्क मोडही लावला आहे. तरीही आमची पाने त्यांना पांढरीशुभ्र आणि बारीक अक्षरांचीच दिसतात. पानाच्या माथ्यावर ‘अ+’, ‘अ-’ अशी बटणे द्यावीत का? — एक वाचक

उत्तर : बटणांची घाई करू नये. त्या सभासदांनी आपली गरज ब्राउझरला एकदा सांगितलेली आहे, आणि तीच त्यांनी प्रत्येक संकेतस्थळावर पुन्हा सांगावी, ही अपेक्षा बरोबर नाही. आपल्या स्टाइलशीटमध्ये (पानाचे रंग-रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) अक्षरांचा आकार ‘१६ पिक्सेल’ असा ठरवून टाकलेला असावा; तसे असल्यास ब्राउझरमधली पसंती तिथे लागूच होत नाही. पिक्सेलऐवजी ‘रेम’ (rem) हे पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत मोजणारे एकक वापरावे, मात्र मूळ घटकालाही (html) पिक्सेलमधला आकार देऊ नये. म्हणजे वाचकाने निवडलेला आकार हाच सगळ्या मापांचा पाया होतो.

देवनागरीत एवढ्याने भागत नाही. ओळींमधले अंतर किंवा चौकटीची उंची पिक्सेलमध्ये बांधलेली असेल, तर अक्षर मोठे होताच वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात आणि मथळ्यांचे रफार कापले जातात. म्हणून ओळींचे अंतर अक्षराच्या किमान दीडपट, तेही एकक न लावता (नुसते १.५ असे) लिहावे, आणि चौकटींना मजकुरानुसार वाढू द्यावे. रोमन लिपीसाठी बनवलेल्या आयत्या साच्यांत अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. ते काढून टाकावे, कारण त्याने शिरोरेषा तुटते.

डार्क मोडसाठी ‘प्रेफर्स-कलर-स्कीम’ ही मीडिया क्वेरी, म्हणजे वाचकाची पसंती ओळखणारी स्टाइलशीटमधली अट, आहे. तीत रंगांचा दुसरा संच द्यावा लागतो आणि दोन्ही संचांत मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत निदान ४.५ : १ असावी, असे ‘डब्ल्यूसीएजी’ या संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ पातळीवर अपेक्षित आहे. (पारदर्शक पार्श्वभूमीवरचे काळे बोधचिन्ह अशा वेळी अदृश्य होते, हे हमखास राहून जाते.) सूचनांची सरकती पट्टी असल्यास ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ (हालचाल कमी हवी, ही वाचकाची पसंती) पाहून ती थांबवावी, हलत्या मजकुराने काहींना खरोखरच घेरी येते.

शेवटी १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत पान ४०० टक्के मोठे करून पाहावे. वाचताना पान आडवे सरकवावे लागले नाही, तर ते त्या सभासदांच्या फोनवर उघडून पाहायला हरकत नाही.