"काय न्हाई" म्हणणाऱ्या मावशीला विचारायचं कसं

प्रिय सिस्टर,

सोमवारपासून तुझी ड्युटी कॅन्सरच्या केमो वॉर्डात आहे. तुझा हात हलका आहे, शीर सापडेल. पण आपल्याकडचा पेशंट आपणहून त्रास सांगत नाही, हे आधीच ध्यानात घे. गडहिंग्लज, राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं आलेली मावशी "काय न्हाई, बरं हाय" एवढंच म्हणते. केमो म्हणजे सोसायचंच, हे तिच्या मनात पक्कं असतं.

लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस सडतं. म्हणून मनगट आणि कोपराचा सांधा सोडून मधली शीर घे. आधी सलाईन सोड, रक्त मागं येतंय का बघ, मगच औषध. "दुखतंय का?" विचारलंस तर "न्हाई"च येईल. "मावशी, हितं चुरचुरलं, ताणल्यागत झालं की लगेच हाक मारा, मी रागवत नाही," असं सांग. हाक आली की औषध तिथंच बंद. सुई उपटू नकोस. सिरिंज लावून आतलं निघेल तेवढं ओढून घे, सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मार, डॉक्टरांना बोलाव. मग सुई काढून बर्फ, १५-२० मिनिटं, दिवसातून चारदा. चोळायचं नाही. विन्क्रिस्टिन हे दुसरं केमोचं औषध बाहेर गेलं तर मात्र गरम शेक. घाईत हीच अदलाबदल होते. आणि लघवी एक-दोन दिवस लाल होईल हे आधीच सांग, नाहीतर रक्त समजून घर हादरतं.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. ताप १००.४ फॅरेनहाइट झाला की मध्यरात्र असली तरी दवाखाना. क्रोसिन घेऊन झोपलं तर ताप उतरतो, इन्फेक्शन मात्र वाढत राहतं. घरी थर्मामीटर आहे का विचार, आणि तो कुणाला वाचता येतो ते तुझ्यासमोर वाचायला लावून बघ.

ताकदीसाठी म्हणून कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण, कच्चं दूध पाजतात. प्रेमानंच पाजतात, म्हणून ओरडू नकोस. उकळून द्या म्हण. तोंड आलं की तांबडा रस्सा थांबवायचा. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच गुळण्या.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतात. हे पहिल्याच दिवशी सांग, पण सासू-नवरा बाहेर गेल्यावर. रडली तर शेजारी बस, चार्ट नंतर भर.

पुढच्या खेपेला आली की "जेवण जातं का?" नको. "काल रात्री भाकरी किती खाल्ली?" विचार. "चतकोर" म्हणाली तर तेच लिही, आणि वजनकाट्यावर घे.

तुझी,
सिनियर सिस्टर